वही उघडायला लावणारी संस्था : भारतीय युवा शक्ती ट्रस्टचा माझा अनुभव

भोसरी एमआयडीसीत माझा अर्धा गाळा आहे. त्यात एक जुनी सीएनसी टर्निंग, म्हणजे संगणकावर चालणारं लेथ मशिन, एक बेंच ड्रिल, मी आणि एक हेल्पर. गाव परभणीकडे, आयटीआय टर्नर, चाकणला नऊ वर्षं ऑपरेटर म्हणून काढली. स्वतःचं काही सुरू करायचं ठरवलं तेव्हा एका मित्रानं भारतीय युवा शक्ती ट्रस्टचं नाव सांगितलं. आमच्याकडे सगळे बीवायएसटीच म्हणतात. तिथं मिळालेल्या दोन वर्षांबद्दल लिहितोय, कारण मला विचारणारी पोरं बहुतेक एकच विचारतात, "कर्ज किती देतात?"

कर्ज ते देत नाहीत, बँक देते. संस्था तुमचा धंदा समजून घेते, प्रकल्प अहवाल नीट करून घेते, बँकेपर्यंत सोबत येते आणि मग एक मेंटर देते. मेंटर म्हणजे उद्योगात आयुष्य घालवलेला माणूस, जो मानधन न घेता तुमच्यासाठी वेळ काढतो. माझ्या मते खरा माल तो आहे.

थोडं संस्थेबद्दल. १९९२ साली लक्ष्मी वेंकटेशन यांनी ती सुरू केली, पहिले अध्यक्ष जेआरडी टाटा होते. कल्पना इंग्लंडच्या ‘प्रिन्स ट्रस्ट’वरून आली. १९७६ साली तेव्हाचे युवराज चार्ल्स यांनी नौदलातून बाहेर पडताना मिळालेले पैसे घालून तो ट्रस्ट उभा केला होता. आपल्याकडे पुणे भागात बजाजच्या मदतीनं संस्थेचं मोठं काम झालंय.

माझं कर्ज साडेसात लाखांचं. पहिल्या ज्या बँकेत गेलो, तिथल्या साहेबांनी वडिलांचा सातबारा आणि जामीनदार मागितला. मी गावाकडे फोन लावायच्या बेतात होतो. संस्थेतल्या ताईंनी थांबवलं. दहा लाखांपर्यंतच्या लघुउद्योग कर्जाला तारण मागायचं नाही, असा रिझर्व्ह बँकेचाच नियम होता आणि हमीसाठी सरकारची सीजीटीएमएसई योजना २००० सालापासून आहे, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. दुसऱ्या बँकेत त्याच कागदांवर काम झालं. वडिलांची साडेतीन एकर आजही मोकळी आहे, एवढ्या एका गोष्टीसाठी मी या लोकांचा कायमचा ऋणी आहे. उद्यम नोंदणीसाठी, म्हणजे लहान उद्योगाच्या सरकारी नोंदणीसाठी, एक एजंट अडीच हजार मागत होता. ती सरकारी पोर्टलवर फुकट होते, हेही तिथंच समजलं. संस्थेनं माझ्याकडून कधी रुपया घेतला नाही.

मेंटर सर एका मोठ्या कारखान्याच्या क्वालिटी विभागातून निवृत्त झालेले. पहिल्या भेटीत मशिनकडे त्यांनी पाहिलंच नाही. स्टुलावर बसले आणि म्हणाले, "वही दाखव." वही नव्हती. मोबाइलवर पैसे आल्या-गेल्याचे मेसेज होते. मग विचारलं, "तुझा पगार किती?" मी म्हटलं, सर, मी मालक आहे, लागेल तसे घेतो. ते हसले नाहीत, रागावलेही नाहीत. माझ्याच माल पाठवायच्या चलनाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर त्यांनी मला लिहायला लावलं. भाडं १४,०००, हप्ता १६,५००, लाइटबिल ७,५००, हेल्पर १५,०००, टूल आणि कापताना थंडावा देणारं कूलंट ५,००० आणि माझा पगार २०,०००. बेरीज ७८,०००. महिन्याचे २६ दिवस, रोज दहा तास, त्यातले सेटिंग आणि बंद पडण्याचे वीस टक्के वजा केले की २०८ तास उरतात. भागाकार आला ३७५. मशिनच्या एका तासाला मला ३७५ रुपये खर्च येत होता आणि मी ३०० रुपये तासानं कोटेशन देत होतो. काम भरपूर आहे म्हणून मी खुशीत होतो आणि दर तासाला पदरचे ७५ रुपये घालत होतो. तो कागद अजून काचेखाली ठेवलाय.

त्यानंतर दोन वर्षं दर महिन्याला ते यायचे आणि आधी वही बघायचे. घराचं खातं वेगळं, गाळ्याचं वेगळं, जीएसटीचा पैसा तिसरीकडे, त्याला हात लावायचा नाही. बिलाशिवाय काम घे, पैसे रोख देतो असं सांगणारी गिऱ्हाइकं येतात. त्यातलं एक मी जवळजवळ धरलं होतं. सर म्हणाले, त्या मालाचं उद्या भांडण झालं तर तुझ्या हातात कुठला कागद असेल? मी नाही म्हटलं. तो महिना कठीण गेला.

आता बुशचं सांगतो. एमएसचे, म्हणजे साध्या पोलादाचे, ६०० बुश, म्हणजे आरपार भोक असलेले गोल नग. भोक १२ मिमी, अचूकता एच-७. म्हणजे जास्तीत जास्त १८ मायक्रॉन, मिलिमीटरचे १८ हजारांश, वर चालतं. शनिवारी संध्याकाळी टेंपोनं लॉट गेला. ट्रेमध्ये वीसेक नग जादाचे उरले होते. आवराआवर करताना सहज प्लग गेज, म्हणजे भोकाचं माप तपासायची दोन टोकांची दांडी, घातला. गो बाजू गेली, ती जायचीच. उलटा करून नोगो बाजू लावली, ती आत जायला नको असते. तीही सरळ आत गेली! पुढचा नग घेतला, तोही तसाच. कूलंट कमी पडलं होतं, भोक मापात आणणाऱ्या रीमरच्या धारेला माल चिकटून भोकं मोठी झाली होती. लॉटमध्ये किती नग तसे असतील, काहीच सांगता येत नव्हतं.

सरांना फोन केला तेव्हा रात्रीचे नऊ वाजले होते. खरं सांगतो, "बघू, पकडलं तर बदलून देऊ" असं त्यांनी म्हणावं, अशी माझी आशा होती. ते म्हणाले, "आत्ता कंपनीला कळव. असेंब्लीला गेल्यावर नको." मी कळवलं. तिकडून बोलणी खाल्ली. रविवारी सकाळी माल परत आणला, तर सर गाळ्याच्या दारात उभे, हातात स्वतःचा प्लग गेज. सत्तरीकडे झुकलेला माणूस दुपारी तीनपर्यंत आमच्यासोबत पाटावर बसून एकेक नग तपासत होता. ४३ नग बाद निघाले. नवे करून दिले, बिलातून पैसे कापल्याची डेबिट नोटही आली आणि त्या कंपनीनं पुढचे दोन महिने एकही काम दिलं नाही. तिसऱ्या महिन्यात दुसऱ्या पार्टचं ड्रॉइंग आलं. आता दर तासाला पाच नग गेजला लावून रजिस्टरमध्ये लिहितो. ते रजिस्टर सरांनी मागायच्या आत मीच पुढे करायला लागलो.

पैसे अडकायचे, त्यावरही त्यांनीच वाट दाखवली. लहान-मध्यम उद्योगांसाठीचा एमएसएमई कायदा २००६ सालचा. लेखी करार असला तरी लहान उद्योगाचे पैसे ४५ दिवसांत द्यावे लागतात, करार नसेल तर १५. वेळेत दिले नाहीत तर कंपनीला तो खर्च पैसे प्रत्यक्ष देईल त्याच वर्षीच्या आयकरात धरता येतो, ही तरतूद आर्थिक वर्ष २०२३-२४ पासून आली. सरांच्या सांगण्यावरून बिलावर उद्यम क्रमांक छापला आणि दोन ठिकाणची वसुली सुधारली. पण तेव्हाच त्यांनी विचारलं, "तू तुझ्या टूलवाल्याला किती दिवसांनी देतोस?" मी नव्वद दिवस लावत होतो. त्याचाही एकच गाळा, घरी म्हातारी आई. त्या महिन्यापासून त्याला तीस दिवसांत देतो.

तर जायचं कुणी? अठरा ते पस्तीस वय असेल, हातात कसब असेल आणि कुणी हिशोब तपासलेला चालणार असेल, तर नक्की जा. लगेच रोख हवी असेल तर ही जागा तुमच्यासाठी नाही. कागद जमवण्यात माझे चार महिने गेले. मेंटर तुमच्याच धंद्यातला मिळावा, असा आग्रह पहिल्याच भेटीत धरा. माझ्या जागी किराणावाला असता तर प्लग गेजवाल्या सरांचा त्याला निम्माच उपयोग झाला असता. जाताना मशिनचं कोटेशन, आयटीआयचं सर्टिफिकेट, सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट आणि एखाद्या गिऱ्हाइकाचं चौकशीपत्र घेऊन जा. आणि एक दोनशे पानी वहीही घ्या, पहिल्या पानापासून लागेल.