तंगूस की ब्रेडेड? क्लबच्या होडीवर जाण्याआधी रीलवर काय भरावं

नारळी पौर्णिमा होऊन होड्या पाण्यात उतरल्या की क्लबात नव्याने आलेल्यांचा एक प्रश्न ठरलेला असतो: रीलवर साधं तंगूस, म्हणजे नायलॉनची एकसंध दोरी, भरू की बारीक धाग्यांची विणलेली ब्रेडेड दोरी? रॉड आणि रीलवर दुकानात तासभर बोलणं होतं, दोरीचा विषय मात्र दोन वाक्यांत संपतो आणि बहुतेक वेळा महागाची दोरी पिशवीत पडते. मी दोन्ही दोऱ्या एकाच पाण्यात, एकाच होडीवरून बरेच हंगाम वापरल्या आहेत. त्यावरून जे मत झालं ते सांगतो. मोजमापं कमी आणि अनुभव जास्त आहे, तेवढं धरून वाचा.

आधी कुठल्या गरवण्याबद्दल बोलतोय ते सांगायला हवं, कारण उत्तर त्यावरच ठरतं. अलिबाग ते मुरूडचा पट्टा. अठरा-वीस फुटी फायबरची होडी, मागे आउटबोर्ड इंजिन, होडीत तीन-चार जण. खांदेरी-उंदेरीच्या आसपासची खडपं किंवा रेवदंड्याच्या खाडीचं तोंड, खोली साधारण दहा-पंधरा मीटर. नांगर टाकायचा, गरीला जिवंत कोळंबी किंवा बोयटाचा तुकडा लावायचा आणि तळाशी सोडून बसायचं. तांब, गोब्रा, रावस, नशीब असेल तर जिताडा, आणि नशीब असो-नसो शिंगाळा. क्लबातले बहुतेक जण रविवारी हेच करतात.

या पाण्यात ब्रेडेडची सगळ्यात मोठी बाजू पाण्याच्या ओढीची आहे, आणि ती मान्य करायलाच हवी. मुंबई-रायगडच्या किनाऱ्याला उधाणाच्या दिवसांत भरती-ओहोटीतला फरक चार मीटरच्या वर जातो. एवढं पाणी सहा तासांत आत यायचं आणि सहा तासांत बाहेर जायचं, म्हणजे मधल्या वेळात होडीखालून नदीच वाहते. दोरी जितकी जाड तितकी ती पाण्याच्या हातात सापडते. तीस पौंडाचं तंगूस साधारण अर्धा मिलिमीटर जाड असतं. तेवढ्याच ताकदीची ब्रेडेड, म्हणजे पीई (ब्रेडेडच्या जाडीचं माप) दोन नंबरच्या आसपासची, पाव मिलिमीटरच्याही आत बसते. माझ्या हाताला जाणवलेला फरक असा की पाणी जोरात असताना तंगूसला दीड-दोनशे ग्रॅम शिसं लावावं लागतं तिथं ब्रेडेड ऐंशी-शंभरात तळ धरते. दिवसभर दोनशे ग्रॅम शिसं वर-खाली करून मनगट भरून येतं हेही खरं.

पण अष्टमीच्या आसपास, भांगाच्या, म्हणजे कमी भरती-ओहोटीच्या पाण्यात, हा फरक जवळजवळ पुसला जातो. आणि उधाणातसुद्धा, पाणी ऐन जोरात असताना मासा फारसा तोंड लावत नाही. खरा खेळ पाणी मंदावतं, थांबतं आणि पुन्हा वळतं त्या तासाभरात असतो, आणि तेव्हा शंभर ग्रॅम शिसं तंगूसलाही पुरतं. म्हणजे ब्रेडेडचा हा फायदा खरा असला तरी तो नेमका मासे कमी लागण्याच्या वेळचा आहे. हे माझ्या लक्षात यायला वेळ लागला.

दुसरी बाजू टोचा, म्हणजे माशाने आमिषाला तोंड लावल्याचा झटका, कळण्याची. ब्रेडेड ताणली जात नाही म्हणावी इतकी कमी ताणते, तंगूस चांगलं रबरासारखं ताणतं. चाळीस मीटर खोल पाण्यात तंगूसवर रावसाचा हलका टोचा कळणं कठीण. दहा-बारा मीटरवर मात्र, दोरी बोटावर धरून बसलात तर शिंगाळ्याची ओढ आणि तांबेची धडक यांतला फरक तंगूसवरही कळतो. इथं मी ब्रेडेडला पुढे मानतो, पण आपल्या खोलीत हे पुढेपण निकाल लावण्याइतकं नाही.

तंगूसच्या याच ताणाचा मला उपयोगही होतो. तांब होडीच्या कडेला आली की शेवटची बुडी मारते. दोरी आखूड राहिलेली असते, रॉड वाकलेला असतो, रीलचा ब्रेक घट्ट असतो. तंगूस हा झटका पोटात घेतं. ब्रेडेडवर तो सरळ गरीवर जातो आणि तोंडाच्या मऊ बाजूला रुतलेली गरी निसटते. ब्रेडेडवाले म्हणतील, ब्रेक सैल ठेवा, रॉड मऊ घ्या. बरोबर आहे. सवयीने जमतं. नवीन माणसाला ती सवय लागेपर्यंत काही चांगले मासे जातात, एवढंच.

गोब्र्याच्या बाबतीत उलट. तो गरी लागताक्षणी बिळात शिरतो आणि तिथं ताणणारी दोरी नकोच असते. ब्रेडेडने पहिल्या दोन हातांतच त्याला वळवता येतं. मात्र न वळला आणि दोरी खडपावरच्या कालवांना घासली, तर ब्रेडेड क्षणात जाते, आधी काही कळतही नाही. तंगूस घासलं तर खरखरीत होतं. दोरी वर घेताना शेवटचे दोन-तीन वाव (एक वाव म्हणजे पसरलेल्या दोन हातांएवढी लांबी) बोटांतून सरकवले की ओरखडा हाताला लागतो, तेवढा तुकडा कापून टाकायचा आणि नवी गरी बांधायची. कालवांसाठी ब्रेडेडवालेही पुढे तंगूसचाच लीडर, म्हणजे गरीआधीचा जोडतुकडा, लावतात, म्हणजे माशाच्या तोंडापाशी शेवटी दोघांचं तेच.

आता ज्या गोष्टीने माझा निकाल लागला तिच्याकडे येतो. गुंता.

एकटा किनाऱ्यावरून गरवणाऱ्याला हा विषय लहान वाटेल. क्लबच्या होडीवर तो लहान नाही. अठरा फुटांत चार जण, चार दोऱ्या, काहींच्या दोन-दोन. नांगरावरची होडी पाण्याच्या दिशेने तोंड करून उभी असते तोवर सगळ्या दोऱ्या मागच्या बाजूला एकमेकींना धरून सरळ असतात. पाणी थांबलं की होडीला धरणारं काही उरत नाही. त्यात दुपारचा खारा वारा आडवा लागला की ती नांगराभोवती हळूहळू फिरू लागते. डाव्या बाजूची दोरी होडीखालून उजवीकडे येते, पुढच्याचं शिसं मागच्याच्या दोरीवरून सरकतं. आणि मघाशी म्हटलं तसं, मासा लागण्याचा तास तोच. एकाला वाम, म्हणजे सापासारखा लांब मासा, लागते. वाम वर येताना स्वतःभोवती पीळ घेत येते आणि वाटेतल्या सगळ्या दोऱ्या बरोबर घेऊन येते. मासा लागला की बाकीच्यांनी दोऱ्या वर घ्यायच्या हा नियम सगळ्यांना माहीत असतो. पण ज्याच्या दोरीला त्याच क्षणी टोचा आला तो कशाला वर घेईल?

अशा गुंत्यात तंगूस हातात घेऊन बघा. त्याला स्वतःचं अंग असतं. फास बोटाने थोडा सैल केला की तो तसाच उघडा राहतो. त्यातून टोक काढलं की पुढचा फास आपोआप ढिला पडतो. ओल्या, आमिषाने बुळबुळीत झालेल्या हातांनीही दोन-चार मिनिटांत बहुतेक गुंते सुटतात. अगदीच न सुटले तर कापायचं आणि नवीन गाठ मारायची, तंगूसवर गाठ मारायला अर्धा मिनिट पुरतो.

ब्रेडेडचा गुंता वेगळ्या जातीचा. ओली झाली की तिच्यात काही जीवच राहत नाही, फास उघडा धरला तरी लगेच मिटतो. वजनाखाली आवळली गेली असेल तर बारीक धागे एकमेकांत रुततात आणि तिथं नख शिरत नाही. रात्री हेडलॅम्पच्या उजेडात दोघांच्याही दोऱ्या हिरव्याच असल्या तर कुठली कुणाची हेही कळत नाही. ताण असताना बोटाला गुंडाळली गेली तर कापते, आणि कापलेल्या बोटाला खारं पाणी आणि शिंगाळ्याचा चिकटा लागला की पुढचे चार दिवस आठवण राहते. शेवटी सुरी काढावी लागते. सुरी काढली की लीडर पुन्हा जोडायचा. त्या जोडाची एफजी नावाची गाठ घरी टेबलावर छान बसते. हलत्या होडीत, एक टोक दातात धरून, दोन्ही दोऱ्यांवर सारखा ताण ठेवत वीस-बावीस वेढे घालायचे आणि तेवढ्यात शेजारचा तांब वर काढतोय. पाणी वळेपर्यंत गाठ होते आणि तास संपलेला असतो.

त्याहून वाईट म्हणजे एकाच होडीत दोन्ही दोऱ्या असणं. ताणलेली ब्रेडेड सैल तंगूसवरून धावली की करवतीसारखी कापत जाते. म्हणजे दोरी ब्रेडेडवाल्याची, मासा त्याचा, आणि गरी-शिसं गेलं शेजाऱ्याचं. यावरून क्लबात मनं दुखावलेली मी पाहिली आहेत. आता आम्ही शक्यतो एका होडीवर एकाच प्रकारच्या दोऱ्या ठेवतो आणि ते आदल्या दिवशीच ठरवून घेतो. तुमच्या क्लबात अशी पद्धत नसेल तर सुचवून बघा, फार भांडणं वाचतील.

बाकीचे मुद्दे पटकन. इंजिनच्या पंख्यात कुठलीही दोरी अडकली तरी वाईटच, ती शाफ्टच्या सीलपाशी जाऊन बसते आणि तेल गळायला लागतं. पण ब्रेडेड तरंगते, त्यामुळे सैल पडलेली दोरी पृष्ठभागावर वाहत पंख्याकडे येण्याचा संभव जास्त. इंजिन क्लबचं असतं, खर्च सगळ्यांचा, म्हणून इंजिन चालू करण्याआधी दोऱ्या वर आहेत का हे मोठ्याने विचारायची सवय ठेवा. कापलेले गुंते समुद्रात टाकू नका, खिशात घालून घरी आणा. हे दोन्ही दोऱ्यांना सारखंच लागू आहे, तंगूसही वर्षानुवर्षं कुजत नाही.

टिकाऊपणात ब्रेडेड निर्विवाद सरस. गोड्या पाण्याने धुऊन ठेवली तर कित्येक हंगाम जाते, आणि एक टोक झिजलं की उलटी भरून दुसरं वापरता येतं. तंगूस उन्हाने कडक होतं, पाणी पिऊन थोडं कमजोर पडतं, रीलवर राहून वेटोळी धरतं. ते दर हंगामाला बदलावंच लागतं. पण किमतीतला फरक इतका आहे की दरवर्षी बदलूनही तंगूसवर माझा खर्च कमीच होतो, आणि दरवर्षी नवी दोरी म्हणजे जुन्या दोरीबद्दलची शंका नाही. ब्रेडेड घेणार असाल तर डबीवरच्या पौंडांवर जाऊ नका, जाडी किंवा पीई नंबर बघा. सारख्याच पौंडांच्या दोन डब्यांतल्या दोऱ्या हातात घेतल्या तर एक दुसरीच्या दीडपट जाड निघते.

मग ब्रेडेड कुणी घ्यावी? होडी वाहती ठेवून जिग (धातूचं जड नकली आमिष) मारणार असाल, मालवण-देवगडकडच्या स्वच्छ आणि खोल पाण्यात सुरमईमागे जाणार असाल, हलकी ल्यूर, म्हणजे नकली मासा, लांब फेकायची असेल, किंवा होडीत दोघंच असाल, तर मी स्वतःही ब्रेडेडच भरेन. लहान रीलवर तीनशे मीटर दोरी मावते ती ब्रेडेडमुळेच, आणि सुरमई पळायला लागली की प्रत्येक मीटर हवा असतो. माझ्याकडे एक रील कायम ब्रेडेडने भरलेलं असतं ते याचसाठी. काही जण दोन्हींचा मेळ घालतात, रीलवर ब्रेडेड आणि पुढे आठ-दहा वाव तंगूस. खालच्या भागात गुंता तंगूसचा राहतो म्हणून ते बऱ्यापैकी चालतं, पण जोडाची गाठ रॉडच्या कड्यांतून जाताना अडते आणि मला ती अडखळ आवडत नाही. तुम्हाला चालेल कदाचित.

एकच रील असेल आणि पहिला हंगाम क्लबच्या होडीवर, नांगरावर काढायचा असेल, तर माझा कल तंगूसकडे आहे. 0.45 ते 0.50 मिलिमीटरचं घ्या, त्याहून जाड घेतलं तर पाणी फार ओढतं आणि बारीक घेतलं तर खडपावर टिकत नाही. पांढरं किंवा फिकट निळं बघा, रात्री उजेडात दिसतं. रीलवर भरताना ओल्या फडक्यातून ताणून भरा, सैल भरलेलं तंगूस पहिल्याच ओढीत आतल्या वेढ्यांत रुतून बसतं. पुरतं भरू नका, स्पूलच्या (रीलच्या दोरी गुंडाळायच्या चकतीच्या) कडेपासून दोन-तीन मिलिमीटर खाली थांबा. आणि ते जूनच्या आधी भरून ठेवू नका. मासेमारीवरची जून-जुलैची बंदी उठून होड्या उतरायला लागल्या की मगच भरा, नाहीतर पावसाचे दोन महिने ते रीलवर नुसती वेटोळी धरत बसेल.