परदेश, गांधीनगर की घरची खुर्ची?

इंदूरच्या रामबागेत आमच्या शेजारच्या काकूंची मुलगी एम.टेक.ला आहे. सोयाबीनच्या पानांवरचे रोग फोटोवरून ओळखण्याचं तिचं काम. परवा विचारायला आली, "ताई, पेपर तयार आहे, कुठल्या परिषदेला पाठवू? गाइड म्हणतात परदेशात, बाबा म्हणतात तिकिटाचं कोण बघणार?" दोघांचंही बरोबरच आहे. पण तिकिटाचा विचार पेपर मंजूर झाल्यावर करून उपयोग नाही, तो पाठवायच्या दिवशीच करायचा.

आधी परदेश. विमानाचं भाडं सगळ्यांच्या डोक्यात असतं, बाकीचं नसतं. युरोपातल्या बहुतेक देशांना चालणाऱ्या शेंगेन व्हिसाची फी जून २०२४ पासून ९० युरो. अमेरिकेच्या भेटीच्या व्हिसाची १८५ डॉलर, आणि नाकारला तरी ती परत मिळत नाही. मुलाखतीला मुंबईला जायचं म्हणजे अवंतिका एक्स्प्रेसचं जाऊन-येऊन भाडं आणि एखादा मुक्काम. शिवाय परिषदेच्या नोंदणीच्या पानावर खाली एक ओळ असते ती वाचा: बऱ्याच ठिकाणी प्रत्येक पेपरमागे कुणा एका लेखकाची पूर्ण दराची नोंदणी लागते, तिथे विद्यार्थी सवलत चालत नाही. आमच्या वेळी ही ओळ कुणीच वाचली नव्हती.

मदत मिळते, नाही असं नाही. एसीएम इंडिया आणि आयएआरसीएस या संगणकशास्त्रवाल्यांच्या संस्था मिळून प्रवास अनुदान देतात. प्रोग्रामिंग लँग्वेजेसवाल्यांसाठी सिगप्लॅन या एसीएमच्याच गटाचा निधी आहे. माणूस आणि संगणक यांच्यातल्या व्यवहारावरच्या सीएचआयसारख्या परिषदेत विद्यार्थी स्वयंसेवक म्हणून साधारण २० तास काम केलं की नोंदणी माफ होते. अडचण एकच, अनुदानाचे पैसे बहुतेकदा परत आल्यावर हातात पडतात. मी मावशीकडून उसने घेऊन गेले होते. आल्यावर कार्यालयाने मूळ बोर्डिंग पास मागितला. घरभर शोधला, शेवटी धुवायला टाकलेल्या स्वेटरच्या खिशात सापडला. पैसे यायला पाच महिने लागले, तोवर मावशीकडे जायला लाज वाटायची. तरी सांगते, कॉफीच्या रांगेत एका अनोळखी बाईंनी माझ्या दुसऱ्या तक्त्याबद्दल जो प्रश्न विचारला, त्यावर माझं पुढचं वर्ष निघालं.

तसा प्रश्न भारतातही विचारला जातो, हे आपल्याकडे कुणी सांगत नाही. संगणकशास्त्राची एफएसटीटीसीएस ही परिषद १९८१ पासून दर डिसेंबरला भरते. २०२४ मध्ये ती आयआयटी गांधीनगरला होती, आणि त्याच महिन्यात डेटा सायन्सची सीओडीएस जोधपूरला. इंदूरहून गांधीनगरला शांती एक्स्प्रेस, जोधपूरला रणथंबोर एक्स्प्रेस, दोन्ही थेट. व्हिसा नाही, विमान नाही, डबा घरचा. अधूनमधून मोठ्या परिषदाच इकडे येतात: २०१४ ला सॉफ्टवेअर इंजिनिअरिंगची आयसीएसई हैदराबादला, २०१५ ला प्रोग्रामिंग लँग्वेजेसची पीओपीएल मुंबईला, २०१६ ला डेटाबेसची व्हीएलडीबी दिल्लीला. विषय मात्र जुळला पाहिजे. एफएसटीटीसीएस ही थिअरीवाल्यांची, तिथे सोयाबीनची पानं चालणार नाहीत. हिच्यासाठी कॉम्प्युटर व्हिजनची, म्हणजे संगणकाने चित्रं ओळखण्याची, आयसीव्हीजीआयपी बरी.

"आंतरराष्ट्रीय" नावाच्या हॉटेलातल्या परिषदांपासून मात्र लांब राहा. अशाच एकीला मी सात हजार भरले होते. एका दुपारी चाळीस पेपर, माझ्या वाट्याला सहा मिनिटं, समोर बसलेले सगळे आपापल्या पाळीची वाट बघणारे. पेपर दोन दिवसांत मंजूर झाला तेव्हाच मला कळायला हवं होतं. समितीतल्या लोकांचं काम शोधून बघा, मागच्या वर्षीचे पेपर उघडतात का बघा. दहा मिनिटांचं काम आहे.

राहिली घरची खुर्ची, म्हणजे ऑनलाइन परिषद. २०२० मध्ये मशीन लर्निंगची आयसीएलआर इथिओपियात आदिस अबाबाला भरायची होती, ती कोविडमुळे ऑनलाइन झाली. त्याच वर्षी त्याच विषयाच्या न्यूरिप्समध्ये विद्यार्थ्यांना २५ डॉलरमध्ये बसता आलं. ऐकायला हे उत्तमच. पण उन्हाळ्यात सॅन फ्रान्सिस्कोचे सकाळचे नऊ म्हणजे आपल्याकडे रात्रीचे साडेनऊ. मी एकदा ऑनलाइन पोस्टर लावलं होतं. पडद्यावर माझी ठिपक्यांची छोटीशी बाहुली पोस्टरपाशी उभी, तासाभरात दोनच बाहुल्या आल्या, त्यातली एक चुकून. आणि नुसते पेपर वाचायचे असतील तर पैसे कशाला? भाषा आणि संगणक यावरच्या पेपरांचा संग्रह, एसीएल अँथॉलॉजी, फुकट आहे, एफएसटीटीसीएसचे पेपरही फुकट वाचता येतात.

तिला मी सांगितलं, पहिला पेपर भारतातच पाठव. पासपोर्ट मात्र आत्ताच काढ, साध्या छत्तीस पानी पासपोर्टची फी १,५०० रुपये आहे. दुसऱ्या पेपरला परदेश बघू, पण अनुदानाच्या अर्जाची तारीख आधी बघायची आणि पेपरची नंतर. उसने कुणाकडून घेता येतील तेही आधीच ठरवून ठेव.

जाताना तिने परिषदेच्या गावी हॉस्टेलवर राहण्याचं विचारलं. आयोजकांना लवकर मेल केला तर खोली बहुधा मिळते, गादीही असते. पांघरूण घरून न्यायचं.