बिबट्या ओळख कार्यशाळा (निफाड-सिन्नर पट्टा): हात मळतात, तिथं भीती उतरते

अडीच तासांच्या या शालेय कार्यशाळेत भाषण जेमतेम दहा मिनिटं. मग मुलांच्या हाती थेट पंजांचे साचे येतात: बिबट्या, कुत्रा, तरस. कुत्र्याची आणि तरसाची नखं मातीत उमटतात. बिबट्या ती आत ओढून चालतो, म्हणून दिसत नाहीत. बिबट्याच्या तळव्याच्या गादीच्या मागच्या कडेला बोट फिरवलं की तीन गोलाई लागतात. मोबाईलवर फिरणारे 'बिबट्याच्या ठशांचे' बरेच फोटो एवढ्यावरच बाद होतात.

प्लास्टरचा ठसा घेण्याचा भाग मात्र घाईत उरकला जातो. प्रमाण बरोबर सांगतात: पावडर दोन भाग, पाणी एक भाग, पावडर पाण्यात घालायची, उलट केलं तर गुठळ्या होतात. ठशाभोवती पुठ्ठ्याची पट्टी, आणि ओतायचं कडेनं, नाहीतर धारेनंच ठसा मोडतो. पण ट्रेमध्ये भरतात ओली काळी माती. ती चिकटते आणि वाळताना भेगाळते. चाळलेला फुफाटा हवा, वरून पाण्याचा हलका फवारा. शिवाय प्लास्टर आधी गरम होतं. ते पुन्हा गार व्हायच्या आतच उचलायला लावतात, आणि बोटांच्या कडा तुटतात.

सर्वांत मोलाचा प्रयोग बिनखर्चाचा आहे. एक मूल उकिडवं बसतं, बाकीची वीस पावलांवरून गुडघ्यांवर टेकून बघतात. बसलेला माणूस शेळीएवढाच दिसतो! निंदणी करताना वाकलेल्यांना, अंधारात उघड्यावर बसणाऱ्यांना धोका जास्त का, हे कुणी वेगळं सांगावं लागत नाही.

उसात पिल्लू सापडलं तर तोड थांबवा, हात लावू नका, वनखात्याच्या १९२६ या हेल्पलाइनवर कळवा, आई बहुधा रात्री येऊन नेते, हेही नीट बसवून घेतात.

'पिंजरा का लावत नाही?' या प्रश्नावर मात्र उत्तर गुळमुळीत. जुन्नरचं उदाहरण द्यायला हवं: तिथं २००१ पासून पकडलेले बिबटे दुसरीकडे सोडले, आणि माणसांवरचे हल्ले कमी न होता वाढले. रिकामी झालेली जागा दुसरा बिबट्या धरतो, ते निराळंच.

मोठी उणीव वेळेची. रात्रीच्या विजेवर पाणी भरायला जाणारे शेतकरी सकाळी अकराला शाळेत कसे येणार? गळीत हंगामाआधी, संध्याकाळी, पारावर घेता येत असेल तरच मोठ्यांसाठी बोलवा. मुलांसाठी आत्ताच, पण फुफाटा घरून न्या.