ऑब्सिडियनमध्ये ‘श्री’ मध्यावर आणताना

मराठी पत्राची कागदावरची मांडणी ठरलेली असते. वर मध्यभागी ‘॥ श्री ॥’, त्याखाली उजव्या हाताला गाव आणि तारीख, मग डावीकडून मायना व मजकूर, आणि शेवटी पुन्हा उजवीकडे सही. वर्डमध्ये हे दोन-तीन बटणांचे काम आहे. ऑब्सिडियन या टिपणांच्या ॲपमध्ये असे एकही बटण मुळात दिलेले नाही, आणि पत्रे, कार्यक्रमांची निमंत्रणे, उतरवून घेतलेले अभंग असे सगळे त्यातच ठेवायचे ठरवल्यामुळे मला या एका उणिवेच्या मागे बरेच दिवस घालवावे लागले. हे परीक्षण तेवढ्यापुरतेच आहे. ॲपच्या बाकीच्या गुणांविषयी इतरांनी पुष्कळ लिहिले आहे.

ही उणीव निष्काळजीपणातून आलेली नाही, हे आधी सांगायला हवे. शिडा ली आणि एरिका शू यांनी २०२० साली आणलेले हे ॲप तुमची टिपणे तुमच्याच संगणकावरच्या एका फोल्डरमध्ये साध्या मजकुराच्या फायली म्हणून ठेवते, आणि त्या फायली मार्कडाउन या लेखनपद्धतीत असतात. जॉन ग्रुबर यांनी २००४ साली मांडलेल्या या पद्धतीत शीर्षक, यादी, अवतरण, ठळक शब्द यांना खुणा आहेत. ओळ डावीकडे की मध्यावर, यासाठी खूणच नाही. मजकूर काय आहे ते लिहावे, तो दिसावा कसा हे दाखवणाऱ्याने ठरवावे, असा त्यामागचा विचार आहे. अपवाद फक्त तक्त्यांचा. ऑब्सिडियन पाळत असलेल्या तक्त्यांच्या रीतीत शीर्षकाखालच्या रेघांना उजवीकडे अपूर्णविराम दिला की तो स्तंभ उजवीकडे लागतो, दोन्हीकडे दिला की मध्यावर येतो, आणि १.५ आवृत्तीपासून हेच काम स्तंभावर उजवी क्लिक करूनही होते. वर्गणीच्या हिशेबातले आकडे एकाखाली एक आणायला एवढे पुरते.

तक्त्याबाहेर मात्र पहिला सुचणारा उपाय म्हणजे एचटीएमएल, टॅग नावाच्या खुणांनी वेबपाने लिहिण्याची भाषा. ‘श्री’च्या दोन्ही बाजूंना सेंटर हा टॅग लिहिला की तो मध्यावर येतो. वेबच्या आजच्या मानकांतून हा टॅग बाद झाला असला, तरी चालतो. अडचण पुढे येते. एचटीएमएलच्या तुकड्याच्या आत ऑब्सिडियन मार्कडाउनच्या खुणा वाचत नाही, त्यामुळे ठळक करण्यासाठी दिलेल्या चांदण्या तशाच चांदण्या म्हणून दिसतात, दुसऱ्या टिपणाकडे नेणारा दुवा मुका होतो आणि मध्ये रिकामी ओळ सोडली तर तुकडा तिथेच तुटतो. ॲप झटपट चालावे आणि त्याचे वाचनयंत्र साधे राहावे म्हणून ही मर्यादा जाणूनबुजून ठेवली असल्याचे ॲपच्या मदतपानांवर लिहिलेले आहे. एकट्या ‘श्री’ला याची झळ लागत नाही, दोन कडव्यांच्या कवितेला लागते.

ज्यांना टॅग लिहायचा कंटाळा आहे, त्यांच्यासाठी एडिटिंग टूलबार हे प्लगइन, म्हणजे ॲपला बाहेरून लावायची जोडणी, आहे. ते लिहिण्याच्या जागी वर्डसारखी पट्टी आणते आणि त्यात डावीकडे, मध्यावर, उजवीकडे, दोन्ही कडा समान अशी बटणे मिळतात. नवख्या माणसाला ते आवडेल. माझे मत प्रतिकूल आहे, कारण बटण दाबल्यावर मजकुरात जाऊन बसतात ते असेच एचटीएमएलचे टॅग, आणि वरच्या सगळ्या मर्यादाही त्यांच्याबरोबर येतात. शिवाय बाहेरचे कोणतेही प्लगइन घालण्यासाठी ॲपचा प्रतिबंधित मोड बंद करावा लागतो, आणि एकदा आत आलेल्या प्लगइनला अमुकच फायली वाच असे बांधून ठेवण्याची सोय नाही. केवळ ओळ सरकवण्यासाठी एवढा विश्वास टाकणे मला महाग वाटते.

खरा मार्ग सीएसएस स्निपेटचा, म्हणजे मजकूर दिसावा कसा हे सांगणाऱ्या नियमांच्या छोट्या फाइलीचा आहे. टिपणांच्या फोल्डरमध्ये ‘ऑब्सिडियन’ नावाचा, आरंभी टिंब असलेला लपलेला फोल्डर असतो. त्यातल्या ‘स्निपेट्स’मध्ये चार ओळींची फाइल ठेवायची आणि सेटिंग्जमधल्या अपिअरन्सच्या पानावर तिची कळ चालू करायची. टिपणाच्या माथ्यावर ‘सीएसएसक्लासेस’ हा गुणधर्म लिहून त्यात ‘पत्र’ किंवा ‘निमंत्रण’ असे नाव दिले की त्या नावाचे नियम त्या टिपणापुरते लागू होतात. ही नावे देवनागरीत चालतात. फसगत होते ती एका ठिकाणी: वाचनाच्या दृश्यात परिच्छेद हा परिच्छेदच असतो, पण लिहिण्याच्या दृश्यात प्रत्येक ओळ ‘सीएम-लाइन’ या नावाच्या वेगळ्या पेटीत असते, म्हणून नियम दोन्हींसाठी लिहावा लागतो. मी पहिल्या खेपेस एकासाठीच लिहिला आणि तो मोडला आहे असे समजून एक संध्याकाळ घालवली. फोनवर लपलेल्या फोल्डरमध्ये फाइल नेऊन ठेवणे हीदेखील कटकटच आहे. ती संगणकावर बनवून फोल्डरासह फोनवर आणणे बरे.

हाताशी आलेली ही सोय मी सर्वात आधी दोन्ही कडा समान करण्यासाठी वापरली, कारण छापील मराठी पुस्तकाची सवय. निकाल वाईट लागला. मराठीत विभक्ती प्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये शब्दाला जोडून येतात, ‘कार्यकर्त्यांच्यासारख्यांनी’ असा लांबलचक शब्द ओळीच्या टोकाशी मावला नाही की सगळाच खालच्या ओळीत जातो आणि वर उरलेल्या तीन शब्दांमध्ये खिंडारे पडतात. शिरोरेषेमुळे आपला शब्द एकसंध पट्टीसारखा दिसतो, म्हणून ही खिंडारे रोमन लिपीपेक्षा जास्त डोळ्यांत खुपतात. छापखान्यात जुळारी शब्द तोडून संयोगचिन्ह देत असे. सीएसएसमधली आपोआप शब्द तोडण्याची सोय मजकुराची भाषा घोषित केलेली असेल तरच चालते. ॲपमध्ये वाचनीय रुंदीची मूळ मर्यादा ७०० पिक्सेल आहे, तेवढ्यात कडा समान केलेला मजकूर कसाबसा खपतो. फोनवर तो वाचवत नाही. म्हणून मी हा नियम फोन वगळून लावला आहे, आणि ते जमते, कारण फोनवर ॲप स्वतःच पानाला तशी वेगळी खूण लावते. त्याच फाइलीत ओळींमधले अंतर मूळच्या १.५ वरून १.८ केले, तेव्हा कुठे वरच्या ओळीचे उकार आणि खालच्या ओळीचे रफार एकमेकांपासून सुटले. खरे सांगायचे तर वाचनीयतेत मोठा फरक याच बदलाने पडला, कडा जुळवल्याने नव्हे.

संपूर्ण टिपणाऐवजी त्याचा एखादाच भाग हलवायचा असेल, तर कॉलआउट हा या ॲपमधला सर्वात उपयोगी प्रकार ठरतो. अवतरणाच्या खुणेपुढे चौकटी कंसात उद्गारचिन्ह आणि एक नाव लिहायचे, की ॲप त्याची रंगीत चौकट करते. नाव आपण काहीही देऊ शकतो. स्निपेटमधून त्या नावापुरती चौकट, चिन्ह आणि मथळा काढून टाकला की उरतो तो नुसता मजकूर, आणि एचटीएमएलच्या तुकड्यात मेलेले दुवे व ठळक शब्द इथे जिवंत राहतात. अभंगासाठी मी हेच वापरतो. सहा, सहा, सहा आणि चार अक्षरांचे चरण मध्यावर आणले तर प्रत्येक ओळीचा आरंभ वेगळ्या जागी जातो आणि डोळा चाचपडतो. त्याऐवजी सगळा ठोकळा मध्यावर आणून आतल्या ओळी डावीकडेच ठेवणे चांगले, आणि ठोकळ्याची रुंदी मजकुराएवढी करून दोन्ही बाजूंचे समास ‘ऑटो’ केले की ते साधते. चित्रांनाही असाच दुव्यातल्या नावावरून नियम लावता येतो.

स्टाइल सेटिंग्ज या प्लगइनचा बोलबाला आहे, पण ज्या कळा थीमच्या किंवा स्निपेटच्या कर्त्याने उघड्या ठेवल्या तेवढ्याच ते दाखवते. सीएसएसला हात न लावता अलाइनमेंट बदलता येईल, या आशेने कोणी ते घेऊ नये.

स्वतःच्या वापरासाठी ॲप मोफत आहे आणि पीडीएफ काढताना हे सगळे नियम कागदावर उतरतात, त्यामुळे महिन्याला पाच-सहा पत्रे छापणाऱ्या माझ्यासारख्याला एवढी खटपट परवडली. वर्षाकाठी एखादेच निमंत्रण छापणाऱ्याने वर्डच उघडावे. फाइल ऑब्सिडियनबाहेर, साध्या नोटपॅडमध्ये उघडली तर मांडणी अर्थात नाहीशी होते आणि सगळे डावीकडे येते. पण तारखेसाठी वापरलेल्या कॉलआउटचे नाव, ‘उजवीकडे’ एवढा शब्द, तिच्या वर चौकटी कंसात दिसतो, आणि मराठी वाचणाऱ्या कोणालाही ती ओळ कुठे जायची होती ते कळते.