थंडीत गाडी अडखळते: कार्ब्युरेटर की इंजेक्शन?

निफाडकडच्या डिसेंबरातल्या सकाळी जुनी कार्ब्युरेटरची (हवा-पेट्रोल मिसळणारा साधा यांत्रिक भाग असलेली) दुचाकी आणि २०२० नंतरची बीएस-६ म्हणजे नव्या प्रदूषण नियमांची, पेट्रोल मोजून फवारणाऱ्या इंजेक्शनची दुचाकी, दोन्ही कुरकुरू शकतात. दुखणं मात्र वेगळं.

कार्ब्युरेटरमध्ये गार इंजिनाला जादा पेट्रोल चोक देतो. चोक ओढला की नीट चालते, सोडला की बंद पडते आणि गरम झाल्यावरही आयडलिंग (उभ्या गाडीचं संथ चालणं) डळमळतं, तर आधी स्लो जेट, म्हणजे आयडलिंगचं पेट्रोल देणारं बारीक भोक, तपासा. गाडी महिनोन् महिने उभी असेल तर त्यात कचरा अडकलेला असतो. कार्ब्युरेटर क्लीनर आणि हवेचा झोत पुरतो. जेटमध्ये तार खुपसू नका, भोक मोठं होतं. स्पार्क प्लगही काढून बघा, काळा-ओला असेल तर मिश्रण जाड (पेट्रोल जास्त) किंवा ठिणगी कमजोर.

इंजेक्शनला हाताचा चोक नसतो. इंजिनाचा तापमान सेन्सर सांगेल त्यावर ईसीयू, म्हणजे इंजिनाचा छोटा संगणक, पेट्रोल ठरवतो. सेन्सर खोटं बोलला की गार गाडी अडखळते. त्याआधी बॅटरीचं व्होल्टेज मोजा. चावी फिरवून टाकीतल्या पेट्रोल-पंपाची घरघर थांबू द्या, मग स्टार्टर मारा.

मला विचाराल तर रोजच्या थंडीत इंजेक्शनच बरं. पण आडगावात रस्त्याकडेला स्क्रू-ड्रायव्हरवर दुरुस्त होते ती कार्ब्युरेटरवालीच. इंजेक्शनचा दिवा पेटला तर स्कॅनरवाला मेकॅनिक शोधावा लागतो.