जुन्या मुंबईची पोस्टकार्डे: पुढून देखणी, मागून कोरी

चाळीस पुनर्मुद्रित कार्डांच्या या संचात सर्वांत वर बोरीबंदरचे कार्ड ठेवले आहे, आणि ते हातात येताच पैसे वसूल झाल्यासारखे वाटते. फ्रेडरिक स्टीव्हन्स यांच्या आराखड्यानुसार उभारलेल्या या स्थानकाला राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त १८८७ मध्ये व्हिक्टोरिया टर्मिनस हे नाव मिळाले. कार्डावर त्याच्यासमोर दोन घोडागाड्या आणि पाणी शिंपणारा एक भिस्ती दिसतो; उरलेला सगळा रस्ता मोकळा आहे.

संच पाहण्याची खरी गंमत मात्र इमारतींत नाही, त्यांच्या आजूबाजूला आहे. मुंबईत घोड्यांच्या ट्रामगाड्या १८७४ मध्ये सुरू झाल्या आणि १९०५ मध्ये बंद पडल्या, तर विजेची ट्राम १९०७ मध्ये आली. त्यामुळे रस्त्यावरून तारा गेलेल्या आहेत की नाहीत एवढे पाहिले तरी कार्डाच्या काळाचा बराचसा अंदाज बांधता येतो. चर्चगेटच्या बाजूच्या एका कार्डात लोहमार्ग जवळजवळ पाण्याच्या काठाने गेलेला आहे, आणि मरीन ड्राइव्हवर फेरफटका मारून मोठे झालेल्या माणसाला आपण कुठे उभे आहोत हे कळायला थोडा वेळ लागतो. सातव्या एडवर्ड राजाचा अश्वारूढ पुतळाही इथे आपल्या मूळ जागी भेटतो. तो १९६५ मध्ये हलवून पुढे राणीच्या बागेत ठेवला गेला, तरी त्या चौकाला लोक काळा घोडा म्हणायचे थांबले नाहीत.

असे वाचन वाचकाकडून करवून घेणे हे सोबतच्या पुस्तिकेचे काम होते. तिथे ती उणी पडते. ताजमहाल हॉटेलच्या कार्डाखाली ‘सुमारे १९३०’ असे छापले आहे, परंतु चित्रात अपोलो बंदराचा धक्का पूर्ण मोकळा असून गेट वे ऑफ इंडियाचा मागमूस नाही. हॉटेल १९०३ च्या अखेरीस उघडले आणि गेट वे १९२४ मध्ये पूर्ण झाला, म्हणजे छायाचित्र या दोन वर्षांच्या दरम्यानचे असणार हे उघड आहे. माझ्या प्रतीत मी पेन्सिलीने दुरुस्ती केली आहे.

यापेक्षा मोठी तक्रार पाठीमागच्या बाजूविषयी आहे. सुरुवातीच्या चित्र-पोस्टकार्डांच्या पाठीवर फक्त पत्ता लिहिण्याची मुभा असे आणि मजकूर चित्राच्या कडेच्या पांढऱ्या पट्टीत कोंबावा लागे. १९०२ मध्ये ब्रिटनने पाठीचे दोन भाग करून एकात मजकूर लिहिण्याची परवानगी दिली आणि पुढे इतर देशांनीही ती पद्धत उचलली. त्यामुळे पाठ कशी आखली आहे, तिकिटावर कोणत्या राजाचे डोके आहे आणि शिक्का कोणत्या टपाल कार्यालयाचा आहे, या गोष्टी इतिहासाच्या दृष्टीने चित्राइतक्याच मोलाच्या ठरतात. या संचात छत्तीस कार्डांची पाठ कोरी ठेवून तिथे प्रकाशकाचे बोधचिन्ह छापले आहे, आणि केवळ चार मूळ पाठी पुस्तिकेत लहान आकारात दिल्या आहेत. त्यांपैकी राजाबाई टॉवरच्या कार्डावर लिहिणाऱ्याने टॉवरविषयी एक अक्षरही खर्च केलेले नाही; आगबोट कधी सुटणार आणि पुढचे पत्र कोणत्या बंदरावर पाठवावे, एवढीच त्याची चिंता आहे. असे आणखी छत्तीस मजकूर वाचायला मिळाले असते, तर हा संच निव्वळ देखणा राहिला नसता.

गिरण्यांची धुराडी आणि चाळींचे सज्जे या पेटीत नाहीत. त्याचा सगळा दोष निवड करणाऱ्यांना देता येणार नाही, कारण कार्डे प्रामुख्याने प्रवासी आणि साहेब लोक विकत घेत, आणि त्यांना घरी पाठवायला घुमट व कमानी हव्या असत. माणसे येतात ती बहुधा भिस्ती, न्हावी, हमाल असे नमुने म्हणून. म्हणूनच जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकवणारे महादेव विश्वनाथ धुरंधर यांनी चितारलेली दोन कार्डे वेगळी उठून दिसतात. त्यांतल्या बायकांच्या चालण्याला डौल आहे आणि नजरेत थोडा खट्याळपणाही आहे.

छपाईविषयी थोडेसे. त्या काळची बरीच कार्डे जर्मनीत छापून येत आणि कृष्णधवल छायाचित्रांवर रंग चढवले जात, त्यामुळे आकाशाचा गुलाबीपणा मुंबईचा असेलच असे नाही. मूळ कोलोटाइप (जिलेटिनच्या थरावरून छापण्याची जुनी पद्धत) कार्ड भिंगाखाली धरले, तर भेगाळलेल्या चिखलासारखे अनियमित दाणे दिसतात. येथे मात्र सर्वत्र आजच्या छपाईचे एकसारखे ठिपके आहेत. कागद जाड आहे, कडा नीट कापलेल्या आहेत आणि पेटीचे झाकण घट्ट बसते. बाराशे रुपयांत भेट म्हणून संच चांगला आहे, परंतु अभ्यासासाठी घेणाऱ्याने मूळ पाठींसह आवृत्ती निघेपर्यंत थांबावे.