स्टेजवरच्या एका स्लॉटपायी १७,१९५ रुपये गेले. रॅप करणाऱ्या पोरांनो, वाचा

सहा वर्षं मराठीत रॅप करतोय. सायफर (रॅपर्सचा गोल करून आळीपाळीने गाण्याचा अड्डा), कॉलेज फेस्ट, गणपतीचं स्टेज, सगळीकडे फुकट गायलोय. त्यामुळे "नवखा होता, फसला" असं कोणी म्हणू नये. मुंबईत आमच्यासारख्यांना स्टेज कुठे आहे? ब्लू फ्रॉग हा लाइव्ह म्युझिकचा क्लब २०१६ मध्येच बंद झाला. बाकीच्या ठिकाणी आमच्या वाट्याला मंगळवार येतो, तोही ओळख असेल तर. अशात कोणी अंधेरीच्या हॉलमध्ये शुक्रवारची रात्र देतो म्हटल्यावर मन हरखतंच.

तो आयोजक फोनवर गोड बोलायचा. "पुण्याच्या ताडीवाला रोडचा पोरगा, रॅपर एमसी स्टॅन, २०२३ ला बिग बॉस जिंकला, आता तुमचा नंबर." स्लॉटचे ४,०००, वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ४,७२०. मग ३९९ ची २५ तिकिटं आधीच माझ्या गळ्यात: ९,९७५. आणि परत मिळणारं डिपॉझिट २,५००. सगळं यूपीआयने. जीएसटी घेतला, पण पावतीवर जीएसटी नंबर नव्हता. तेव्हाच तो मागायला हवा होता.

त्याहून मोठी खूण माझ्या डोळ्यांसमोर होती. शोच्या चार दिवस आधी मी विचारलं, "साउंडचेक किती वाजता? बीट्स कोणाला पाठवू?" तो म्हणाला, "डायरेक्ट ये भावा, पेनड्राइव्ह आण." अरे, कुठलाही साउंडवाला आधी ट्रॅक मागतो, माइक किती लागतील विचारतो! हे मला माहीत होतं. तरी गप्प बसलो, कारण पोस्टरवर माझं नाव छापलं होतं आणि ते मी घरच्यांना दाखवलं होतं.

शुक्रवारी संध्याकाळी दारावरच्या वॉचमनने वही उलटून दाखवली. त्या रात्री तिथे कोणाच्या तरी वाढदिवसाची खाजगी पार्टी होती. माझ्यासमोर फुगे आत गेले. माझी १४ माणसं, त्यात कळव्याहून आलेली मामी, हातात तिकिटं धरून फुटपाथवर उभी होती. तिकिटावरचा क्यूआर स्कॅन केला तर रिकामा गुगल फॉर्म उघडला. आयोजकाचा फोन बंद.

हॉलला एक फोन केला असता तर वाचलो असतो. तुम्ही करा. आयोजकाने दिलेल्या नंबरवर नाही, स्वतः शोधलेल्या नंबरवर.

पोलीस स्टेशनात साहेब म्हणाले, "पैसे स्वतःच्या हाताने दिलेत ना? मग हे सिव्हिल मॅटर. सायबरला जा." सायबरवाले म्हणाले, माणूस ओळखीचा आहे, स्टेशनला जा. बँकेने सांगितलं, पिन तुम्हीच टाकलात. तीन दिवस मी या तीन दारांत फिरलो, कामाचे खाडे झाले, आणि हातात काय, तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनचा एक तक्रार क्रमांक! भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८(४) कशासाठी आहे मग? पूर्वी त्यालाच चारशेवीस म्हणायचे ना? एफआयआर घेतली नाही तर वरिष्ठांना पोस्टाने लेखी पाठवता येतं, हेही मला वकील मित्राकडून कळलं, पोलिसांकडून नाही. १९३० ला लगेच, पहिल्या तासातच फोन लावा. मी रविवारी लावला.

तिकिटं आगाऊ विकत घ्यायला लावणारा कोणीही असो, नाही म्हणा. डिपॉझिट कलाकार देत नसतो.

गेल्या आठवड्यात कल्याणच्या एका पोराने मला पोस्टर पाठवलं. आयोजकाचं नाव वेगळं, हॉल वेगळा. स्लॉट मात्र जीएसटीसह ४,७२०.